सुधाकरच्या जहाजाच्या कलत्या भिंती

आमच्या सुधाकरचं जहाज मी एकदा सरळ केलं होतं. एवढा शहाणपणा आमच्या अख्ख्या साखरा गावात दुसऱ्या कुणी केला नसेल. महिन्यापूर्वी तो गेल्याचा मुंबईहून फोन आला, तेव्हा पहिल्यांदा तेच आठवलं... माणूस गेल्यावर आपलाच मूर्खपणा आधी आठवावा, हे काही बरं लक्षण नव्हे.

सुधाकर माझा धाकटा दीर. मी नांदायला आले तेव्हा तो दप्तर घेऊन शाळेत जायचा. पुढं शिकून युद्धनौकांचे आराखडे काढायला लागला. फ्रिगेट म्हणतात ती जात, फार मोठी नाही पण चपळ. ज्याच्या गावात पोहायला धड विहीर न्हाई त्यानं जहाजं काढावीत, याची मला भारी ऐट. तेव्हा मी चाळिशीत होते आणि जगातलं सगळं मला कळत होतं. एका सुट्टीत त्यानं ओसरीवर बसून सागाच्या तुकड्यातून आठ दिवस तसंच एक जहाज कोरलं. बघते तर वरच्या खोल्यांच्या भिंती आत कललेल्या. आमच्याकडं भिंत कलली की माणसं बिऱ्हाड हलवतात. पोरगं शिकलेलं, पण हात सुताराचा न्हाई, असं ठरवून, तो हिंगोलीला गेलेला बघून मी सुताराला बोलावलं आणि रंधा मारून सगळ्या भिंती ताठ करून घेतल्या. वर त्याला चहाही पाजला.

सुधाकर आला, बघतच राहिला. मग दार लावून त्यानं माझ्या हातात बॅटरी दिली आणि समोर आरसा उभा धरला. उजेड माझ्याच डोळ्यांत. आरसा कलता केला, उजेड आढ्याला. शत्रूचं रडार असंच चाचपतं, तो सांगत होता. कलत्या भिंतीवरून ते भलतीकडं जातं आणि एवढं मोठं जहाज होडीएवढं वाटतं. म्हणून दोर, होड्या सगळं भिंतीआड झाकायचं, धूरसुद्धा गार करून सोडायचा, न्हाईतर उष्णतेवरूनही सुगावा लागतो. पाहुणे आले की मीही पसारा पडद्यामागं असाच ढकलते, असं मी म्हणाले.

"तुमी पसारा झाकता वैनी, पण माझं जहाज तर पकडून दिलं," तो हसत म्हणाला.

हसला खरा... पण त्यानंतर त्यानं जहाजाचं नाव काढलं न्हाई. दर सुट्टीत मी विचारायची, आता काय करून राहिला? तो म्हणायचा, तुरीला शेंगा लागल्या का? मी समजले, दुखावला. डिंकाचे लाडू करून पाहिले. लाडू संपायचे, जहाजाची गोष्ट निघायची न्हाई. वीस-पंचवीस वर्षं ही सल घेऊन बसले आणि माफी मागायची तेवढी राहून गेली.

त्याच्या पुण्यानुमोदनाचा, श्रद्धांजलीचा कार्यक्रम झाल्यावर त्याच्या बायकोला, शालिनीला, स्वयंपाकघरात गाठून विचारलंच, त्या जहाजावरून लई राग होता का गं त्याला माझा? ती ताटं पुसत होती. थांबली, माझ्याकडं बघून म्हणाली,

"त्यांना कशाचा राग? पुढं काम गुपित झालं, घरात बोलायची बंदी आली. इतकी वर्षं मी डबा भरून दिला, पण तिथं काय करतात ते मला कधी सांगितलं न्हाई, अन् तुमाला सगळं समजावून बसले. राग मला यायचा, बाई."