कोरी राहिलेली ओळ

भाकितकाका आपल्या संघाबद्दल कधीच बरं बोलत नसत, आणि बावीस वर्षांत त्यांनी घरच्या रिंकवरचा एकही सामना चुकवला नव्हता. जपानच्या उत्तरेकडच्या त्या कागद गिरणीच्या गावाला आइस हॉकीचा एक व्यावसायिक संघ होता. व्यावसायिक म्हणायचं एवढंच. निम्मे खेळाडू दिवसा गिरणीत कामाला असत. लीगमध्ये संघ मूठभर, तरी आमचा कायम तळाशी. काका मूळचे सांगलीचे, त्याच गिरणीतून निवृत्त झालेले इंजिनिअर. दर ऑगस्टमध्ये ते येत्या हंगामाचं भाकीत लिहीत: एक कागद, प्रत्येक खेळाडूला एक ओळ. नोरिकोकाकू ते नीटस जपानीत उतरवत आणि मी कोपऱ्यावरच्या कोंबिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानात, झेरॉक्स काढून रिंकच्या फलकावर लावून येत असे. जवळच्या विद्यापीठात मी पोस्टडॉक होते. कंत्राट दर वर्षी नव्याने व्हायचं, त्यामुळे पुढचं वर्ष कसं जाईल हा विषयच मला नकोसा झाला होता. काकांना मात्र त्यात रस होता.

"वेग आहे, पण पास द्यायला जिवावर येतं," असं एकाबद्दल. "सामन्यात दिसतो कमी, पेनल्टी बॉक्समध्ये जास्त," असं दुसऱ्याबद्दल. शेवटी संघाचं भवितव्य: "शेवटून दुसरे. शेवटचे यायलाही सातत्य लागतं." मी म्हणायचे, "काका, जरा तरी आशा दाखवा." ते चष्मा पुसत म्हणायचे, "आशा दाखवायला मी काय प्रायोजक आहे?" खेळाडू रागवत नसत. एकदा सुपरमार्केटमध्ये एक धिप्पाड बचावपटू काकांपुढे कमरेत वाकला आणि म्हणाला, "यंदाही कठोर लिहा, ओनेगाइशिमास, विनंती आहे." काकांनी लिहिलंही.

सगळ्यांत कडक ओळ गोलकीपरच्या वाट्याला यायची. "डावीकडे खाली पोचायला उशीर," हे तर बहुतेक दर वर्षी. हा गोलकीपर म्हणजे केन, काकांचा एकुलता एक मुलगा. "स्वतःच्या मुलाबद्दल असं लिहिता?" मी एकदा विचारलं. "त्याच्याबद्दल गोड लिहिलं, तर बाकीच्यांनी माझं का ऐकायचं?" काका म्हणाले. केन हसून सोडून देई.

त्या ऑगस्टमध्ये कागद आठवडाभर अडकून पडला. केन चौतिसाचा झाला होता आणि त्याचा उजवा खुबा निकामी होत आला होता. आणखी एक हंगाम खेळलास तर धड चालता येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. ही गोष्ट घराबाहेर जाऊ द्यायची नाही, असं वचन त्याने आईवडिलांकडून घेतलं होतं. कंत्राटावर सही व्हायची होती. "एवढं एकच वर्ष, तोसान," म्हणाला होता. वडिलांना तो अशीच हाक मारत असे. हे सगळं मला नंतर कळलं. माझ्या हातात आलेल्या कागदावर केनच्या नावापुढे काहीच नव्हतं.

"काका, ही ओळ राहिलीय."

"राहू दे. बरं लिहिलं तर खोटं होईल, खरं लिहिलं तर चहाडी होईल. न लिहिण्यात दोन्ही नाही."

मला ते पटलं. खरं तर मी दमले होते आणि मला घरी जायचं होतं. जे बोललं जात नाही तेच इथली माणसं आधी वाचतात, हे चाळीस वर्षं जपानात काढलेला माणूस विसरला आणि मीही. फलकापाशी लोक नेहमीसारखे हसत येत, त्या नावापाशी थांबत आणि हसू आवरून निघून जात. तिसऱ्या दिवशी प्रशिक्षकांनी केनला बोलावलं आणि संपूर्ण वैद्यकीय तपासणी करायला सांगितली; त्यात खुब्याचं उघड झालं. कंत्राट झालं नाही. काकांनी त्यानंतर भाकीत लिहिलं नाही.

केन लॉकर रिकामा करून आला तेव्हा मी त्यांच्या स्वयंपाकघरात चहा घेत होते. काका उठून दारापाशी गेले. "मी काही सांगितलं नाही रे कुणाला," म्हणाले. केन जिना चढून आल्यामुळे एका पायावर भार टाकून उभा होता, खांद्यावर ती अवजड बॅग. तो जपानीत बोलला, अगदी शांतपणे.

"माहीत आहे. पण नेहमीसारखं वाईट लिहिलं असतं ना, तर कुणाला काहीच कळलं नसतं."

काकांनी दाराची कडी धरली. "माझ्या डोक्यातच आलं नाही," ते मराठीत म्हणाले. केनने बॅग खाली ठेवली, लंगडत आत आला आणि त्यांना बसायला खुर्ची ओढून दिली.