यादीतला कूलर

महाल भागातल्या एका सोलरवाल्या मिस्त्रीकडे कोणीही गेलं, की तो आधी कागद-पेन पुढे सरकवतो. "काय काय चालवाचं आहे ते लिहा. तुमच्याच हातानं." मी कुठलीही घाई केली तरी त्याचं उत्तर एकच, "लिहा ना भाऊ."

सावनेरकडच्या शेतातल्या माझ्या एका खोलीसाठी मी लिहिलं: दोन दिवे, पंखा, कूलर. मग तो शेतावर आला. पॅनेलवर ऊन किती पडेल ते पाहायला सकाळपासून छतावर बसून दर तासाला सावलीच्या कडेनं खडूची रेघ ओढत राहिला. तीन वाजता खोलीशेजारच्या कडुनिंबाच्या सावलीनं निम्मं छत झाकलं.

"झाडच तोडून टाकू," मी म्हणालो. "नाहीतर कूलरपुरती वीज कुठून येणार?"

त्यानं खडू खिशात टाकला, खाली उतरला आणि झाडाखालची स्कूटर काढली.

"दुसरा मिस्त्री पाहा भाऊ. सावली तोडून कूलर चालवाचं काम आपल्याच्यानं नाही होत."

शेत माझं, झाड माझं, आणि तोरा ह्याचा! मी संतापलोच. पण तो उन्हात किक मारू लागला, तेव्हा कडुनिंबाच्या गार सावलीत उभं राहून मी खिशातली यादी काढली आणि माझ्याच हातानं कूलर खोडला.

त्यानं कागद नीट पाहिला. मग स्कूटर पुन्हा कडुनिंबाखाली नेऊन लावली.