सरकारला वीज देणारे मामा

"बंद कर तो पंखा! देशाची वीज हाय ती!"

मी अजून चपलाही काढल्या नव्हत्या. नुसतं बोट बटनाकडं गेलं होतं. मे महिन्यातली दुपार, औरंगपुऱ्यातली गल्ली तव्यासारखी तापलेली. अख्ख्या मराठवाड्यात स्वतःच्या छतावर वीज बनवून घामानं निथळत बसणारा माणूस एकच, आणि तो माझा सख्खा मामा.

हेच मामा पूर्वी न्हाणीघरातला दिवा आठवडाभर जळत ठेवायचे. कुणी हटकलं तर म्हणायचे, "जळू दे, सरकारचाच माल हाय." मग सौर पॅनलला अनुदान आलं, बँकेनं स्वस्तात कर्ज दिलं आणि दारात नवं मीटर लागलं: वापरून उरलेली वीज बाहेर जाते, बिलातून वजा होते. समजावून सांगताना बँकेतली मुलगी सहज बोलून गेली, "काका, आता तुम्ही ग्राहक नाही, उत्पादक!" तो शब्द मामांच्या डोक्यात गेला तो गेलाच. दारावरच्या पाटीवर नावाखाली 'उत्पादक' आलं. शून्याचं पहिलं बिल फ्रेम होऊन देवांशेजारी बसलं. त्याला हात जोडल्याशिवाय पाहुण्याला चहा मिळेना. पॅनल तर असे लख्ख पुसतात, की कावळे त्यात बघून भांग पाडतात. बँकेनं सौर कर्जाची माहिती द्यायला भरवलेल्या शिबिराला चार माणसं आली होती, त्यातली दोन मांडवाच्या सावलीला. पण मामांची पाटी बघून अर्ध्या गल्लीनं अर्ज केले!

घरात मात्र पंखा बंद. वापरलेलं प्रत्येक युनिट म्हणजे मामांच्या लेखी राष्ट्राचं नुकसान. शेवटी मामीनं पिशवी भरली. "त्या मीटरला लेकीवानी जपता, आन मी इथं शिजते. माझ्या भावाकडं उत्पादक नाय, पण वारा हाय." आणि गंगापूरच्या एसटीत जाऊन बसली.

चार दिवसांनी मी पुन्हा गेलो. मामीच्या रिकाम्या पलंगावर पंखा गरगरत होता. भिंतीवर शून्याच्या बिलाची फ्रेम खडखडत होती.

"मामा, पंख्याखाली कुणीच नाही."

"ठावं हाय. घरात कशाचा तरी आवाज पाहिजे ना."

मी मामीला फोन लावून त्यांच्या हातात दिला. उत्पादकांनी दोनदा घसा खाकरला.

"अगं, ये आता. पंखा लावतो."

पलीकडून मामी म्हणाली, "कितीवर?"