तांब्याचा दुड्डू

काशम्माच्या तोंडी पैशाला एकच शब्द. रिक्षावाल्याला दुड्डू, गिरणीवाल्याला दुड्डू. पुण्यात वाढलेल्या भुवनेश्वरीला, म्हणजे तिच्या नव्या सुनेला, हसू आवरेना.

"दुड्डू म्हणजे कुठला लाडू हो, आत्या?"

"लाडू न्हाय गं माय. थांब, दावते."

देव्हाऱ्यातल्या डबीतून काशम्मानं तांब्याचं जाड नाणं काढलं. कडा झिजलेल्या, वर हळदीकुंकवाचा थर.

"ह्यो खरा दुड्डू, माझ्या सासूचा. आदी ह्या नाण्याचंच नाव दुड्डू. नाणं चालायचं बंद झालं, नाव ऱ्हायलं. आता नोट असू दे न्हायतर चिल्लर, आमी कानडी माणसं समद्यालाच दुड्डू म्हणतो की."

"मग हा कशाला जपलाय?"

"पोरांची बेंबी वर येऊ नये म्हणून बांदायला. तुज्या नवऱ्याला ह्योच बांदला व्हता."

पुढं भुवनेश्वरीला मुलगी झाली. नाळ पडली, पण बेंबी अजून ओलसर होती. काशम्मानं ग्रामदैवत सिद्धरामाचं नाव घेतलं आणि दुड्डू फडक्यात गुंडाळून बेंबीवर घट्ट बांधला. धुतला नाही. पूजेतली वस्तू, तिला धुवायचं कशाला? भुवनेश्वरीनं पाहिलं, पण सासूपुढं बोलली नाही.

बेंबी पिकली, ताप चढला. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी फडकं सोडलं, तर कातडीवर हिरवट गोल उमटलेला. लेकरू वाचलं नाही.

काशम्मानं आपल्या हातानं तो दुड्डू तळ्यात टाकला. तिचा मुलगा श्रीशैल तिच्या हातचं जेवत राहिला. भुवनेश्वरी मात्र तिच्या हातचं पाणीही घेईना.

यंदा भुवनेश्वरीला मुलगा झाला. ती बाळाला घेऊन घरी आली, तेव्हा काशम्माला एवढंच हवं होतं, की लेकरू एकदा मांडीवर मिळावं. मागायचा धीर होईना. दाराशीच उभी राहिली.

"आईकडं दे की जरा," श्रीशैल म्हणाला.

"आधी कनवटीला काय आहे ते दाखवा, आत्या."

"भुवी, अगं..."

"ऱ्हाऊ दे रं," काशम्मा म्हणाली.

श्रीशैलसमोर तिनं कनवट सोडली, झटकली. विभूतीची वडी निघाली, ती खिडकीत ठेवली. कोपरापर्यंत साबण लावून हात धुतले आणि येऊन भुईवर मांडी घातली.

भुवनेश्वरीनं लेकरू मांडीवर ठेवलं, पण दुपट्याचं टोक सोडलं नाही. काशम्मा नुसती खाली बघत बसली. दोन्ही हात भुईला टेकलेले. लेकराला तिनं ते लावले नाहीत.