सुया, साबुदाणा आणि क्रेनची केबिन

रिपोर्ट सगळे नॉर्मल आहेत असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा आनंद व्हायला हवा होता. मला रडू आलं.

भोपाळात हबीबगंजच्या एका हॉस्पिटलात पोटाच्या डॉक्टरांसमोर मी आणि माझी बायको वैशाली बसलो होतो. रक्त तपासून झालं होतं, थायरॉइड झालं होतं, गहू सोसतो की नाही तेही बघून झालं होतं. शेवटी कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्यात मागच्या बाजूने दुर्बीण घालून आतून पाहणं, तीही उरकली. आदल्या दिवशी त्यासाठी जे खारट पाणी पोटात ढकलावं लागतं, त्याबद्दल मी काही लिहीत नाही. ज्यांनी प्यायलंय त्यांना सांगायची गरज नाही, आणि ज्यांना प्यायचंय त्यांना उगाच कशाला घाबरवा.

डॉक्टरांनी स्क्रीनवर माझ्या आतड्याचा फोटो दाखवला. गुलाबी, गुळगुळीत, कुठे डाग नाही. "किताब में छापने लायक है," असं ते म्हणाले. मग या छापण्यालायक आतड्याने दोन वर्षं माझा छळ का मांडला होता?

त्याचं नाव आयबीएस, म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोम. डॉक्टरांनी समजावलं ते असं: आतड्याची घडण ठीक असते, वागणूक बिघडलेली असते. साध्या साध्या गोष्टींनी ते चिडतं. कळा येतात, पोट फुगतं, कधी धावत जावं लागतं, कधी दिवसभर काहीच नाही. जीव जात नाही. पण पोट आणि मेंदू सतत एकमेकांशी बोलत असतात, आणि माझ्या बाबतीत ते बोलणं भांडणावर आलं होतं.

जीव जात नाही हे ऐकून वैशालीने सुटकेचा श्वास घेतला. मी मात्र केबिनचा विचार करत होतो.

मी पिपलानीच्या कारखान्यात क्रेन चालवतो. आमची क्रेन शेडच्या छताखाली दोन रुळांवरून धावते आणि तिच्या पोटाशी लटकलेल्या काचेच्या केबिनमध्ये मी बसतो. खाली अवाढव्य यंत्रं बनतात आणि त्यांचे भाग या टोकापासून त्या टोकाला न्यायचे ते आम्ही. बाबा नागपूरहून इथे नोकरीला आले, मी इथेच शिकलो आणि इथेच लागलो. हूकला लोड असताना क्रेनवाल्याने जागा सोडायची नसते. लोड टेकला, हूक मोकळा झाला, की मगच शिडी उतरायची. आता विचार करा, अशा माणसाच्या पोटात अचानक कळ आली तर?

तसंच झालं. एका लिफ्टच्या मध्यात कळ आली. लोड नीट टेकेपर्यंत मी दातावर दात धरून बसलो, मग शिडीवरून कसा उतरलो ते मला आठवत नाही. साहेब समजूतदार होते. रागावले नाहीत, पण पोट ठीक होऊन फिटनेसचं सर्टिफिकेट मिळेपर्यंत मला हत्यारांच्या स्टोअरमध्ये बसवलं. तिथे पाने आणि साखळ्या द्यायच्या, परत घ्यायच्या. वर बघितलं की माझ्या केबिनमध्ये दुसराच कोणीतरी दिसायचा.

क्रेनवाला खाली फक्त एकाच माणसाच्या हाताच्या खुणा मानतो. माझ्यासाठी ते इक्बालभाई. एवढ्या वर्षांत आम्ही कामाच्या वेळी तोंडाने क्वचितच बोललो असू. एके दिवशी ते स्टोअरच्या खिडकीशी आले आणि म्हणाले, "मियां, तुम्हारे बगैर हाथ उठाने का मन नहीं करता." मी त्यांना एक पाना दिला आणि दुसरीकडे बघितलं.

औषधं सुरू झाली. फरक पडला, पण केबिनमध्ये चढावं एवढा नाही. पुढच्या भेटीला डॉक्टरांना ॲक्युपंक्चरबद्दल वैशालीने विचारलं. मला वाटलं ते हसतील. ते म्हणाले, काहींना उपयोग होतो, काहींना नाही, ठाम पुरावा कमी आहे, पण शिकलेल्या हातांकडून आणि दरवेळी नव्या सुया वापरून घेणार असाल तर माझी हरकत नाही, फक्त माझ्या गोळ्या सोडू नका.

म्हणून आम्ही अरेरा कॉलोनीत एका डॉक्टरबाईंकडे गेलो. त्या मूळच्या भोपाळच्याच मराठी. त्यांनी आधी सगळे रिपोर्ट वाचले, मग जीभ बघितली, मनगट धरून बराच वेळ बसल्या. झोप कशी येते, हातपाय गार पडतात का, कळ यायच्या आधी मनात काय चाललेलं असतं, असं सगळं विचारलं. आजवर मला मलाचा रंग पुष्कळांनी विचारला होता, मनातलं कोणी विचारलं नव्हतं.

मी सुईला घाबरतो. शंभर टनांच्या लोडखाली स्लिंग, म्हणजे लोड बांधायचा जाड दोर, कशी ताणली जाते ते मी शांतपणे बघू शकतो, पण इंजेक्शन म्हटलं की माझे हात ओले होतात. या सुया मात्र केसासारख्या निघाल्या. बेंबीच्या दोन्ही बाजूंना, मनगटांवर, पावलांवर आणि गुडघ्याखाली नडगीच्या बाहेरच्या अंगाला त्यांनी त्या अलगद टोचल्या. टेबलावर पडून श्वास हळूहळू सोडत राहायचं, पोट आवळायचं नाही, एवढंच काम त्यांनी मला दिलं. दुखलं जवळपास नाहीच. नडगीजवळच्या सुईला त्यांनी किंचित फिरवलं आणि तिथून एक जडपणा पावलाकडे उतरत गेला. आणि मग पायाला लागलेल्या त्या सुईने माझ्या पोटातून गुडगुड आवाज काढला.

मी थक्क झालो. पायाचा आणि पोटाचा काय संबंध? पण पोट बोलत होतं, मोठ्याने, आणि दुखत नव्हतं. हळूहळू एक घट्ट वळलेली मूठ सुटावी तसं आत काहीतरी सैल झालं. ती मूठ दोन वर्षं वळलेली होती हे मला ती सुटल्यावर कळलं. मी तिथे पडल्या पडल्या रडलो, आणि त्याची मला लाज वाटली नाही.

काही आठवडे बरे गेले. मग एका भेटीला मी घोळ घातला.

त्या दिवशी गुरुवार होता. माझं पोट बरं व्हावं म्हणून आईने नवस बोलून माझा गुरुवारचा उपास सुरू केला होता. त्या दिवशी सकाळपासून मी पाण्यावर होतो, संध्याकाळी एकदमच फराळ करायचा होता. तसाच सुया टोचून घ्यायला गेलो. सुया लागल्या आणि छत फिरायला लागलं. घाम फुटला, वैशालीचा आवाज लांबून यायला लागला. डॉक्टरबाईंनी भराभर सगळ्या सुया काढल्या, पाय वर उचलून धरले आणि माझ्यासमोर बिस्किट केलं. मी, डोळे पांढरे झालेला माणूस, म्हणालो, "मॅडम, आज गुरुवार आहे."

"साखरपाणी तर चालतं न उपासाला?" त्यांनी विचारलं. "मग ते घ्या. उपाशीपोटी सुया लावायच्या नसतात, पहिल्याच दिवशी सांगितलं होतं मी."

त्यांनी सांगितलं होतं हे खरंच. पण आपल्याकडे उपास म्हणजे काही उपाशी असणं थोडंच धरतात? मग त्यांनी वैशालीला विचारलं, संध्याकाळी काय असतं. वैशाली सांगू लागली: साबुदाण्याची उसळ, भगर, दाण्याची आमटी, बटाट्याचा तळलेला कीस, वर ताक. "ही तर पंगत झाली," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आणि शुक्रवारी पोट कसं असतं?"

मी आणि वैशालीने एकमेकांकडे बघितलं. शुक्रवार माझा सगळ्यात वाईट दिवस. आम्ही त्याचं खापर कारखान्याच्या कँटीनवर फोडत होतो. दिवसभर रिकामं पोट, मग दाणे, तळण आणि साबुदाणा तुडुंब. पोटाला विसावा मिळावा म्हणून घरात सगळे भक्तिभावाने जे करत होते, तेच पोटाला छळत होतं. पोटाच्या डॉक्टरांनी दिलेला डाएटचा कागद मी भरला तेव्हा गुरुवारी ठळक अक्षरात 'उपास' एवढंच लिहिलं होतं. कोणीच पुढे विचारलं नाही, आणि सांगण्यासारखं काही आहे असं मला वाटलं नाही.

सगळ्यात कठीण होतं आईला सांगणं. तिने माझ्यासाठीच तर नवस केला होता. मी चाचरत बोललो. ती बराच वेळ साडीचा पदर बोटाला गुंडाळत बसली. तिला लागलं होतं, ते दिसत होतं. मग म्हणाली, "देवाला मी तुझं पोट बरं कर म्हटलं होतं. दाणे खाऊ घाल असं नव्हतं म्हटलं. उपास मी धरते. तू वरणभात खा."

पुढच्या गुरुवारी तिने स्वतः माझ्यापुढे मऊ भात आणि साधं वरण वाढलं. मी भाताचा कणही ताटात ठेवला नाही.

तुमच्यापैकी कोणाला हा आजार असेल, तर आधी तपासण्या करा. रक्त पडत असेल, वजन उतरत असेल तर सुयांच्या नादी लागून वेळ घालवू नका. मला सुयांनी बरं केलं, की गोळ्यांनी, की आईच्या वरणभाताने, हे मला विचाराल तर नेमकं सांगता येणार नाही. डॉक्टरबाईही म्हणायच्या की आयबीएस मुळासकट जाईल असं वचन मी देत नाही. पण त्या टेबलावर मी माझं शरीर पहिल्यांदा ऐकलं. चाळीस-पंचेचाळीस वर्षं ज्याच्यात राहतोय, त्याच्या आत केवढं काय काय चाललेलं असतं, आणि एका केसाएवढ्या सुईला ते उत्तर देतं, याचं नवल मला अजून वाटतं.

फिटनेस मिळाला. साहेबांनी आधी हलकी कामं दिली. मग एक दिवस जनरेटरचा रोटर उचलायचा होता, आणि खाली इक्बालभाई होते. मी शिडी चढलो. रोटर जमिनीवरून सुटला, आणि निम्म्या वाटेवर पोटात कळ उठली.

पूर्वीचा मी असतो तर तिथेच संपलो असतो. मला भीती वाटलीच. पण मी डोळे इक्बालभाईंच्या हातावर ठेवले आणि टेबलावर शिकलो होतो तसा श्वास हळूहळू सोडत गेलो, पोट आवळून न धरता सैल सोडलं. कळ थोडा वेळ टिकली. मग जशी आली तशी गेली. इक्बालभाईंचा तळवा सावकाश खाली येत होता, त्याच्याबरोबर रोटर खाली जात होता. तो लाकडी ठोकळ्यांवर टेकला. हूक मोकळा झाला. आता मला उतरता आलं असतं.

इक्बालभाईंनी खालून चहाची खूण केली. मी हातानेच सांगितलं, तुम्ही घ्या, मी बसतो थोडा वेळ वरच.