बरं, ठेवते मग

आमचा ऋषी लोकांना हसवून पोट भरतो. हे वाक्य तोंडातून काढायला मला पंधरा वर्षं लागली. इथं टेक्ससमध्ये, शुगर लँडला, मराठी मंडळाच्या कार्यक्रमात कोणी विचारलं की मी सांगायचो, तो मीडियात आहे, लंडनला. मग पुढं कोणी विचारत नसे.

मी तेलकंपनीतला इंजिनिअर, आता रिटायर. स्कॉटलंडात ॲबर्डीनला आम्ही एकोणीस वर्षं काढली, ऋषीचा जन्म तिथलाच. कंपनीनं मला इकडं धाडलं तेव्हा तो मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला होता. आमची पाठ वळली आणि वर्षभरात त्यानं डिग्री सोडली. ग्लासगोत एका पबच्या माडीवर अकरा माणसांपुढं विनोद सांगायला उभा राहिला. त्यातली दोघं बाथरूम शोधत वर आली होती, हे त्यानंच आईला फोनवर हसत सांगितलं. मी फोन घेतला नाही. नंतर एडिंबराला फेस्टिव्हलच्या दिवसांत महिनाभर पावसात उभा राहून स्वतःच्या शोची पत्रकं वाटायचा. मग क्लब झाले, टूर झाल्या, शेवटी पॉडकास्ट आला. म्हटलं, घाल काय गोंधळ घालायचा तो.

माझा राग धंद्यावर कमी आणि मालावर जास्त होता. माल म्हणजे त्याची आई, पद्मिनी. पद्मिनीला फोन ठेवता येत नसे. "बरं, ठेवते मग," म्हणायची आणि पुढं अर्धा तास बोलायची. शेजारच्या कुत्र्याचं ऑपरेशन, मंडळातल्या सुमित्राच्या मुलीचं मोडलेलं लग्न, इथल्या दुकानातली जून भेंडी. की पुन्हा "बरं, ठेवते मग." ऋषीनं हे जसंच्या तसं स्टेजवर नेलं. सात वेळा फोन ठेवायचा आणि सात वेळा नवा विषय काढायचा. शेवटी म्हणे गोरी माणसं एका सुरात ओरडत, बरं, ठेवते मग! पॉडकास्टचं नावही तेच, आणि प्रत्येक भागाच्या शेवटी आईला खराखुरा फोन. असे दोनशे बारा भाग झाले. पद्मिनीला त्याचं कोण कौतुक! माझ्या मात्र नाकाला मिरच्या झोंबायच्या. आईची टिंगल करून टाळ्या घेतोस, लाज नाही वाटत, असं मी त्याला एकदा ऐकवलंसुद्धा. त्याचं म्हणणं, शो संपला की लोक बाहेर जाऊन आपापल्या आयांना फोन लावतात. मला ते पटलं नाही. मी त्याचा एकही शो पाहिलेला नाही.

गेल्या मार्चमध्ये सकाळी चहा गाळताना पद्मिनीला स्ट्रोक आला. मी ॲम्ब्युलन्स बोलावली, पत्ता सांगितला, आडनावाचं स्पेलिंग दोनदा सांगितलं. हॉस्पिटलात गाडी कुठल्या मजल्यावर लावली ते चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवलं. वाटलं म्हणाल तर काहीच नाही. नंतरही नाही. तिचे हातपाय हळूहळू सुधारले, वाचा मात्र गेली. समजतं सगळं, शब्द निघत नाही. मंडळातले विचारतात, काका, कसं चाललंय. मी म्हणतो, चाललंय.

ऋषी आठवड्याच्या आत आला. टूर कॅन्सल केली, पॉडकास्ट बंद केला. भात लावायचा, आईला फिरवून आणायचा, आणि एक विनोद म्हणून करायचा नाही. घरात तिघं असून आवाज काय तो टीव्हीचा. सुटलं एकदाचं ते हसवणं, असं मला वाटायला हवं होतं. तेही वाटलं नाही.

स्पीच थेरपीसाठी उर्वी नावाची मुलगी घरी यायची. इथंच वाढलेली, मराठी कळतं पण बोलणं इंग्लिशमध्ये. ती चित्रांची कार्डं दाखवायची, चमचा, खुर्ची, सफरचंद. पद्मिनी कार्डाकडं बघायची, मग माझ्याकडं, आणि मी सांगून टाकायचो, चमचा. जूनमध्ये उर्वीनं स्पष्टच सांगितलं. शुक्रवारी रिव्ह्यू आहे, तोवर काकूंचा स्वतःचा एक तरी शब्द आला नाही, तर इन्शुरन्सवाले थेरपी थांबवतील. मग म्हणाली, कार्डं राहू देत. त्या रोज म्हणायच्या असं एखादं वाक्य घ्या, अर्धं तुम्ही म्हणा, उरलेलं त्यांच्यावर सोडा. सवयीचं बोलणं कधीकधी आधी परत येतं. ऋषीनं आणि मी एकमेकांकडं बघितलं. कुठलं वाक्य, ते विचारायला नकोच होतं.

मीच सुरुवात केली. समोर बसून म्हणायचो, बरं. तिचे ओठ हलायचे. दोन सेकंद, तीन सेकंद. मला राहवायचं नाही. "ठेवते मग. म्हण की, ठेवते मग." मंगळवार गेला, बुधवार गेला. जन्मभर मी हेच केलंय. चार लोकांत तिनं किस्सा काढला की शेवट मी सांगून मोकळा व्हायचो. हे मला आत्ता, सत्तरीत, कळावं.

गुरुवारी दुपारी ऋषी म्हणाला, "बाबा, हे माझं काम आहे. तुम्ही बोलायचं नाही."

मग त्यानं मला, शिकवल्यासारखं, सांगितलं. स्टेजवर ओळ टाकली की थांबायचं. समोर शांतता पसरली की नवशिक्याला घाम फुटतो आणि तो बडबडायला लागतो. थांबायचं कसं, एवढंच आपण पंधरा वर्षांत शिकलो, म्हणाला.

तो बाहेर जाऊन ड्राइव्हवेवर गाडीत बसला आणि त्यानं आईला फोन लावला. मी स्पीकर चालू करून फोन तिच्या हातात दिला. बाहेर अंगाची लाही होत होती आणि हा सांगत होता, आई, इकडं काय पाऊस आहे, मोजे भिजले माझे. खिडकीतून तो समोर दिसत होता. तिनं त्याच्याकडं बघितलं, फोनकडं बघितलं. तो असाच काहीबाही बोलला, नेहमी बोलायचा तसा. मग म्हणाला, "बरं..."

आणि थांबला.

मायक्रोवेव्हच्या घड्याळात दोन चौदा झाले होते. दोन पंधरा झाले. शब्द माझ्या जिभेवर येऊन बसला होता, मी ओठ दातांखाली धरला. फोनमधून श्वासही ऐकू येईना. मला वाटलं, कॉल कट झाला.

"ठे," पद्मिनी म्हणाली. मग बराच वेळ काही नाही. मग म्हणाली, "ठेवते."

गाडीत ऋषीनं स्टिअरिंगवर डोकं टेकलं, आणि हॉर्न वाजला. शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं. मला रडू यायला हवं होतं. आलं नाही. उर्वीला मेसेज करायला हवा, एवढंच सुचलं, आणि कॉल बंद करायला मी हात पुढं केला.

पद्मिनीनं माझा हात बाजूला सारला. फोन कानाशी घट्ट धरला. तिचे ओठ पुन्हा हलायला लागले होते.

मी खुर्ची ओढून तिच्यासमोर बसलो, आणि गप्प राहिलो.