सरळ रेघ

आमच्या इस्पितळात मेंदूच्या लहरी कागदावर उमटवणारं यंत्र होतं. ते सांभाळणारे इंजिनिअर बेळगावकडचे. मी वयानं लहान, तरी मला 'अण्णा' म्हणत. खुर्चीत बसलेल्या रोग्यावर मात्र खेकसत, "दात आवळू नका! जबड्याची खरखर नको मला कागदावर."

खरखरीचं त्यांना भारी सोवळं. पंखा बंद, दिवा बंद. एकदा मोठे डॉक्टर खोकले, तर त्यांनाही बाहेर काढलं.

एक दिवस त्यांनी यंत्राला स्वतः जुळवलेली गाळणी बसवली. नको ते सगळे कंप ती अडवणार होती. कागदावरची रेघ खरोखरच सरळ झाली. "बघा अण्णा, काय निर्मळ आलंय!" ते कागदावर ओणवे होऊन म्हणाले.

तेवढ्यात तपासणीसाठी खुर्चीत बसवलेल्या मुलीची आई किंचाळली. पोरीचे डोळे थिजले होते, पापण्या फडफडत होत्या. आकडी आली होती. रेघ सरळच.

मुलगी भानावर आली, तेव्हा त्यांनी गाळणी उपटून फेकली आणि स्वतः उठून पंखा लावला. कागदावर रेघा ओढणारे यंत्राचे टाक पिसाळल्यासारखे थरथरू लागले. मी पंख्याच्या बटणाकडे धावलो.

"असू दे, अण्णा," ते कागदाकडे न बघता म्हणाले. "पोरीला स्वल्प वारा लागू दे."